चमत्कार दिसला तर आपण गुरूंना मानू का?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. दत्तजयंतीच्या सप्ताहात श्रीगुरुचरित्राचे पारायण सुरू झाले की घरातली तरुण मंडळी हमखास विचारतात, “आजोबा, असं काही आज घडलं तर सगळे लगेच मानतील ना? मग आता का नाही घडत?” हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. उत्तरासाठी बाहेर जायचीही गरज नाही. ते ग्रंथातच आहे.

आधी आपल्याच डोळ्यांसमोरचे एक उदाहरण घेऊ. २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले, की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरते. कोणी ते मानले, कोणी मानले नाही. पण थोड्याच दिवसांत रांगा ओसरल्या. त्या रांगेत उभे राहिल्यामुळे किती जणांची रोजची उपासना सुरू झाली? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आज तसे काही घडले तर काय होईल? पहिली पाच मिनिटे सगळे मोबाईल काढतील. निम्मे म्हणतील, “हे कॉम्प्युटरवर केलेलं आहे.” उरलेले दहा गटांवर पाठवतील. जे प्रत्यक्ष धावत येतील ते आपापले गाऱ्हाणे घेऊन येतील: मुलाची नोकरी, जमिनीचा दावा, गुडघेदुखी. काम झाले तर महाराज खरे, नाही झाले तर दुसरे महाराज शोधायचे. याला अनुयायी होणे कसे म्हणावे?

आता श्रीगुरुचरित्राकडे या. चाळिसाव्या अध्यायात नरहरी नावाचा कुष्ठरोगी ब्राह्मण गाणगापुरी येतो. श्रीगुरू त्याला एक वाळलेले लाकूड देतात आणि सांगतात, संगमावर हे रोव आणि रोज पाणी घाल. लोक हसतात, वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का म्हणतात. नरहरी कोणाचे ऐकत नाही. उपाशीतापाशी पाणी घालीत राहतो. मग श्रीगुरू स्वतः येतात, कमंडलूतील पाणी शिंपडतात आणि त्या काष्ठाचा हिरवा औदुंबर होतो. क्रम नीट बघा. विश्वास आधी आहे, पालवी नंतर. पालवी पाहून नरहरी भक्त झाला असे ग्रंथ सांगत नाही.

कोणी म्हणेल, “पण त्रिविक्रम भारतींचं काय? ते तर निंदा करीत होते, श्रीगुरूंना दांभिक म्हणत होते. विश्वरूप पाहिल्यावरच शरण आले ना?” शंका योग्य आहे. पण हे त्रिविक्रम भारती कोण? नित्य नेमाने नृसिंहाची मानसपूजा करणारे यती. ज्या मूर्तीचे ध्यान ते करीत आले, तिचीच ओळख त्यांना श्रीगुरूंच्या ठायी पटली. ओळखायला आधीची उपासना होती. ती नसती तर त्यांनाही तो नजरबंदीचा खेळच वाटला असता.

दुसऱ्या अध्यायातील दीपक तर याच्याही पुढचा. काशीत २१ वर्षे त्याने कुष्ठी आणि अंध झालेल्या गुरूंची, वेदधर्मांची सेवा केली. गुरू चिडत, बोलत, तरी तो ढळला नाही. प्रत्यक्ष शंकर वर द्यायला आले, तेव्हा गुरूंना विचारून त्याने तोही घेतला नाही. चमत्कार दारात उभा असताना “नको” म्हणणारा शिष्य ग्रंथाने आरंभीच आपल्यापुढे ठेवला आहे, तो उगाच नव्हे.

आणि शेवट पाहा. बेदरच्या राजाच्या मांडीवरचा फोड श्रीगुरूंच्या दर्शनाने बरा झाला. राजा त्यांना मोठ्या थाटाने आपल्या नगरात घेऊन गेला. आजच्या हिशेबाने यानंतर मोठा मठ, मोठा मंडप, मोठी गर्दी व्हायला हवी. श्रीगुरूंनी उलट केले. महिमा फार प्रकट झाला, आता सगळीकडून लोक येत राहतील, म्हणून गुप्त राहावे असे ठरवून ते श्रीशैल्याकडे निघाले. गर्दी जमवणे हाच चमत्काराचा हेतू असता, तर ऐन गर्दीच्या वेळी ते निघून का गेले असते?

पतंजलींनीही योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींना समाधीच्या वाटेतले विघ्न म्हटले आहे. आपले टेंबे स्वामी, श्रीवासुदेवानंद सरस्वती (१८५४–१९१४), आठवा. अंगावर संन्याशाची वस्त्रे, हाती दंड-कमंडलू आणि पायी भारतभ्रमण. त्यांच्याविषयी कथा पुष्कळ आहेत, पण जुनी माणसे त्यांचे नाव घेतात ते कडक आचरणासाठी.

हे सगळे आज का सांगायचे? कारण वय झाले, एकटेपण आले, दुखणे आले की माणूस आधार शोधतो, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी हातातून अंगारा काढून दाखवतो. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणे आणि लोकांना फसवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कायदा आहेच, पण आपणही तीन गोष्टी पाहाव्यात. हा माणूस माझ्याकडून काय मागतो? मला निर्भय करतो, की ग्रह-बाधा-शाप सांगून घाबरवतो? त्याच्याकडे जाऊन माझे नामस्मरण आणि घरच्यांशी वागणे सुधारले, की माझी पेन्शन तेवढी कमी झाली?

तेव्हा नातवाने पुन्हा विचारले तर सांगावे, “बाळा, चमत्कार दिसला तर गर्दी होईल, भक्त होतीलच असं नाही.” आणि यंदाच्या पारायणात चाळिसावा अध्याय आला की हिरव्या औदुंबराइतकेच त्या आधीच्या दिवसांकडेही लक्ष द्यावे, जेव्हा लाकूड वाळलेलेच होते आणि नरहरी पाणी घालीत होता. आपला नित्यनेम म्हणजे तेच पाणी घालणे आहे. पालवी केव्हा फुटावी, ते श्रीगुरू पाहतील.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥