गोळ्या लपवू नकोस

अगं, परवा तांदळाच्या डब्यातून स्ट्रिप काढून तू पटकन कमरेला खोचलीस, ते मी पाहिलं. तेव्हा बोलले नाही. आज बोलते, रागावू नकोस.

जेवलीस की बेंबीच्या वर कळ उठते, पाठीत आरपार जाते. रात्री उशी पोटाशी कवटाळून पुढे वाकून बसतेस, तेही पाहिलंय मी. त्यावर सासूबाईंचा टोमणा, 'हा तर दारुड्यांचा आजार!' दारू-तंबाखू ही मोठी कारणं आहेत, खरंय. पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्या कितीतरी जणांना आपल्याकडे स्वादुपिंडाची ही जुनाट सूज येते. काहींच्या जनुकांतच दोष असतो. तुला लाज वाटायचं काही कारण नाही.

दुखणं सोसत बस, असं मी कधीच म्हणणार नाही. पण गोळी मेडिकलवाल्याच्या नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं घे. सुरुवात पॅरासिटामॉलनं होते. मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर चालत नाही, लिव्हर नाजूक असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा तेच असतं, तीही मोजायची. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीला त्रास होऊ शकतो.

तुझ्या स्ट्रिपवर ट्रॅमाडॉल लिहिलंय. ते अफूच्या जातीचं औषध. 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. त्यानं गरगरतं, मळमळतं, शौचाला घट्ट होतं. हळूहळू एकीच्या दोन होतात, आणि पुढे काहींना त्याच औषधामुळे कळ जास्त जाणवायला लागते. म्हणून घाबरून आजच्या आज बंदही करू नकोस हं. डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं कमी करतात, गरज वाटली तर नसांच्या दुखण्यावरचं प्रिगॅबालिन देतात. जेवणासोबतची एन्झाइमची कॅप्सूल मात्र अन्न पचवण्यासाठी आहे, कळ थांबेल म्हणून तिच्यावर विसंबू नकोस.

आणि दर वेळी गोळीच वाढवायची, असंही नाही. स्वादुपिंडाच्या नळीत खडा अडकला असेल तर दुर्बिणीनं काढता येतो, कधी ऑपरेशन करावं लागतं. पण खरा त्रास किती, हे डॉक्टरांना कळलं तरच ते तिथवर विचार करतील. तू तर तिथं 'बरंय' म्हणून उठतेस!

सोमवारी मी येते तुझ्याबरोबर. तोवर वहीत रोज लिही: कळ कधी आली, काय खाल्लं होतंस, गोळ्या किती घेतल्यास. आणि सगळ्या स्ट्रिप्स, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत भर. तांदळाच्या डब्यातली पहिली.