नकाशावाचनाचा पाठ : बाग येथील गुंफांच्या आधारे

शाळेच्या नव्या खोलीचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला जातो; पण गवंड्याने पायाची आखणी केल्यावर दार नकाशातील जागीच आले आहे की नाही, हे पडताळून पाहणारे गावात थोडेच असतात. चूक ध्यानात येते ती भिंत उभी राहिल्यावर. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांस नकाशावाचन शिकविणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पहिली अडचण अशी की, नकाशा म्हणजे इमारतीचे समोरून दिसणारे चित्र, अशी मुलांची समजूत असते. वस्तुतः इमारत खिडकीच्या उंचीवर आडवी कापून वरचा भाग उचलला असता जे दिसेल, ते नकाशात दाखविलेले असते. जे कापले गेले ते काळे, जे मोकळे ते पांढरे. हे नुसते सांगून उमजत नाही. मळलेल्या घट्ट मातीची, जाड भिंतींची, विनाछपराची लहानशी खोली मुलांकडून करवून घ्यावी व ती ताणलेल्या तारेने आडवी कापावी. वरचा तुकडा सरळ उचलून कापलेल्या बाजूस गेरू लावावा आणि न फिरविता कागदावर टेकवावा. कागदावर उमटतो तोच खोलीचा नकाशा. खालचा तुकडा पालथा करून टेकविल्यास डावीकडचे दार उजवीकडे जाते. ही चूक मुलांना एकदा मुद्दाम करू द्यावी.

धार जिल्ह्यातील बाग हे गाव कापडावरील ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मुलांस ही उलटापालट नवी वाटणार नाही. ठसा कोरणाऱ्यास नक्षी उलटीच कोरावी लागते.

याच बाग गावाजवळ इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील बौद्ध गुंफा आहेत. हा प्रदेश ग्वाल्हेर संस्थानात असताना तेथील पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे व इतर विद्वान यांनी लिहिलेला या गुंफांवरील ग्रंथ १९२७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. बागची कीर्ती भित्तिचित्रांमुळे झाली. पण नकाशाच्या पाठास गुंफा विशेष सोयीची आहे. तिला बाहेरून पाहण्याजोगा आकारच नसतो. डोंगर काळा, कोरलेली पोकळी पांढरी. गुंफा क्रमांक २ च्या नकाशात मधले चौरस दालन, तीन बाजूंस भिक्षूंच्या खोल्या आणि मागील गाभाऱ्यात स्तूप दिसतो. ‘पाठशाळा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रमांक ५ मध्ये लांबट दालन व खांबांच्या दोन ओळी आहेत, खोल्या नाहीत. दोन्ही नकाशे नावे झाकून शेजारी ठेवावेत आणि भिक्षू कोठे राहत असतील, एकत्र कोठे जमत असतील, हे मुलांनाच ओळखू द्यावे.

प्रमाणासाठी क्रमांक ४ व ५ यांना जोडणारी, आता कोसळलेली ओसरी घ्यावी. तिची लांबी सुमारे २२० फूट, म्हणजे ६७ मीटर. १ सेंटिमीटरास १ मीटर धरल्यास वहीचे पान पुरत नाही. ५ मीटर धरल्यास साडेतेरा सेंटिमीटरांत ती मावते. प्रमाण हा केवळ गणिताचा भाग नसून कागदाच्या सोयीचाही आहे, हे येथे आपोआप कळते.

क्रमांक २ च्या दालनात मध्यभागी चार जादा खांब आहेत. ते नकाशात दिसतात. ते का घातले हे मात्र नकाशा सांगत नाही. त्यासाठी उभा छेद पाहावा लागतो. गुंफा वालुकाश्मात कोरल्या असून त्यावर मातकट दगडाचा जड थर आहे. त्या भाराने छत खचू नये म्हणून हा आधार. आडवा छेद आणि उभा छेद ही जोडी येथेच शिकवावी. छत व जोते त्यावाचून समजत नाहीत.

अखेरीस मुलांनी स्वतःच्या वर्गखोलीचा नकाशा टेपने मापे घेऊन काढावा आणि तो दुसऱ्या तुकडीच्या हाती द्यावा. त्या तुकडीने खोली न पाहता, केवळ नकाशावरून, पटांगणात सुतळी व खुंट्यांनी पूर्ण मापाची आखणी करावी. मग दोन्ही तुकड्यांनी कर्ण मोजावेत. दोन कर्ण समान न भरल्यास कोपरा काटकोनात नाही, आणि चूक नकाशात आहे की आखणीत, हे दोन्ही तुकड्यांनी मिळून शोधावे.