खाजणाचा बांध आणि गावाची सामायिक जबाबदारी

मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या खाऱ्या पात्रालगत गोमंतकात सुमारे १८,००० हेक्टर खाजण जमीन आहे. भरतीच्या वेळी बाहेरचे पाणी शेताहून उंच चढते. ते अडविण्याचे काम चिखल, पेंढा व चिरे यांनी रचलेला बांध करतो. बांधातील मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतील पाणी सोडण्यासाठी उघडतात. रचना साधी, परंतु नित्य देखरेखीवर अवलंबून. कुर्लीने पोखरलेले एखादे बीळ वेळीच बुजविले नाही, तर उधाणात तेथे भगदाड पडते. आणि खारे पाणी एकदा आत शिरले की मीठ धुऊन जाण्यास दोन-तीन पावसाळे लागू शकतात.

पूर्वी ही देखरेख गावकरी संस्थेकडे असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कूळ संघांकडे आली. कसणाऱ्यास हक्क मिळाला हे न्याय्यच झाले. मात्र शेते वेगवेगळ्या नावांची झाली तरी बांध सामायिकच राहिला, याचा पुष्कळ ठिकाणी विसर पडला. त्यातच मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो. कोळंबीच्या आशेने भरतीत दारे उघडी ठेवली, तर ठेकेदाराचा लाभ होतो आणि भात जळते.

१९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. आजोबांच्या काळच्या उंचीचा बांध यापुढील उधाणास पुरेल, असे गृहीत धरता येणार नाही.

शेतकरी आधार निधीतून पीकहानीची भरपाई मिळते व संकटात सापडलेल्या कुटुंबास तिचा मोठा आधार असतो. परंतु ही मदत बुडालेल्या पिकासाठी आहे. फुटण्याच्या बेतात असलेल्या बांधाची काळजी संघालाच वाहावी लागते. त्यासाठी लिलावाच्या रकमेतील ठरावीक भाग दुरुस्तीकरिता प्रथम बाजूस काढावा. महिला बचत गटांना या कामात सामावून घ्यावे. दरमहा ठेव जमविण्याचा व हिशेब लिहिण्याचा सराव त्यांना आहे. तो अनेक संघांना नाही, हे स्पष्ट म्हणावयास हरकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाळीपाळीने बांधावर फेरी घालावी. बांधाबाहेरील खारफुटी लाटांचा जोर मोडते. तिला कोयता लावू नये.

बियाण्याचाही विचार हवा. कोरगुट हे जुने भात खारेपणा सोसते, पण उत्पन्न कमी देते. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी ‘गोवा धान’ हे वाण काढले आहेत. कोणतेही पेरले, तरी गटाने थोडे बी सामायिक कणगीत राखावे. बांध फुटलेल्या वर्षी ते शोधत दारोदार फिरण्याची पाळी येत नाही.