मंदगती चित्रफीत आणि गळाची फेक

आपल्याकडे नदीकाठी गळ टाकणाऱ्याला शिशाच्या वजनाचे साहाय्य असते. वजन पुढे जाते व दोरीला ओढून नेते. ब्रिटन-अमेरिकेत ट्राउट माशासाठी रूढ असलेल्या ‘फ्लाय फिशिंग’मध्ये नेमके उलट घडते. पिसे व धागा गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीला वजन जवळजवळ नसतेच. ते असते जाड दोरीत. म्हणून दोरीच फेकावी लागते. काठी मागे नेऊन थांबवावयाची, दोरी पाठीमागे उलगडू द्यावयाची, मग वेग क्रमाने वाढवीत काठी पुढे आणून एकदम थांबवावयाची. थांबताच दोरीचे वळण हवेत पुढे सरकते.

हे सारे डोळ्याला टिपता येत नाही. धावत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात, हेदेखील १८७८ मध्ये मायब्रिज यांच्या छायाचित्रांनीच सिद्ध केले! आज साध्या मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे घेऊन ती ३० च्या गतीने पाहिली, की अर्ध्या सेकंदाची फेक ४ सेकंद चालते. काठीचे टोक सरळ रेषेत गेले तर वळण अरुंद, नेटके होते. आरंभीच हिसका बसला तर टोक मध्येच खाली झुकते. माशीकडील पदर दुसऱ्या पदरात अडकून गाठी पडतात.

शिकणाऱ्याची दृष्टी पुढे असते. चूक मात्र पुष्कळदा पाठीमागे झालेली असते. मागची दोरी उलगडण्याआधीच हात पुढे येतो, आणि निम्मी हालचाल ढिली दोरी ताणण्यातच वाया जाते. जोर कमी पडला असे समजून तो अधिक जोर लावतो, दोष वाढतो. यासाठी कॅमेरा फेकीच्या दिशेशी काटकोनात, बाजूस स्थिर ठेवावा; काठीचे टोक आणि मागील दोरी दोन्ही चौकटीत यावीत.