रात्री दहानंतरचं नेट

रात्री १० वाजता राउटर बंद करायचा, हा नियम आता बऱ्याच घरांत आहे. बटण दाबलं की आपण निर्धास्त. साडेअकराला पाणी प्यायला उठावं तर मुलांच्या खोलीत व्हिडिओ चालूच! अशा वेळी लगेच आवाज चढवू नका. लॅपटॉपवरची वायफायची यादी उघडून बघा. आजूबाजूच्या घरांची आठ-दहा नावं दिसतील, जवळपास सगळ्यांपुढे कुलपाची खूण. एखाद्याच नावाखाली 'ओपन' लिहिलेलं असतं. मुलांना ते आपल्या आधी सापडलेलं असतं. कधी तर त्यांनी मुद्दाम काही केलेलंही नसतं. 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'ची टिक एकदा काढायची राहून गेली, की घरचं नेट गेल्यागेल्या मशीन आपसूक तिकडे जाऊन चिकटतं.

आपल्या ध्यानात येत नाही ते हे, की नको त्या साइट अडवायची आणि वेळेची बंधनं आपण बहुतेक वेळा राउटरवर घातलेली असतात, लॅपटॉपवर नव्हे. मशीन शेजारच्या नेटवर गेलं की त्यातलं एकही लागू होत नाही. पासवर्ड लगेच चोरीला जातील, अशी भीती मी घालणार नाही. बहुतेक साइट आता माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात. पण विंडोजने विचारल्यावर ते नेटवर्क 'प्रायव्हेट' म्हणून निवडलं असेल, तर तुमची शेअर केलेली फोल्डरं त्या नेटवरच्या इतरांना दिसू शकतात.

'त्यांनीच उघडं ठेवलंय, मग आपण वापरलं तर काय बिघडलं?' असं मुलं विचारतातच. विरजण हवं असलं तरी आपण शेजारचं दार वाजवतो, एवढं त्यांना समजतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्येही मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरण्याचा उल्लेख आहे. सातवीतल्या मुलाला कलमं ऐकवू नका, सानपाड्याची गोष्ट सांगा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी. ईमेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. तरी कॉम्प्युटर जप्त झाला, चौकशीला तोंड द्यावं लागलं ते त्यालाच. बाहेरून दिसतो तो कनेक्शनचा पत्ता. त्यामागे बसलेला माणूस दिसत नाही. मुलांना हे चटकन पटतं, कारण उद्या आपल्या खोडीपायी शेजारचे काका अडचणीत येतील, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहतं.

लॅपटॉपवरचं काम दहा मिनिटांचं. मुलाला साधं अकाउंट द्या, ॲडमिनचा पासवर्ड आपल्याकडे ठेवा. परकं नेटवर्क 'फर्गेट' करा. विंडोजमध्ये ॲडमिनला 'नेटश' या कमांडने फक्त घरच्या नेटवर्कचं नाव चालू ठेवून बाकीची सगळी अडवता येतात. मॅकवर नेटवर्क बदलताना ॲडमिनचा पासवर्ड मागण्याची सोय आहे. मात्र हे सगळं मुलाच्या पाठीमागे करू नका, त्याला शेजारी बसवून करा. गुपचूप लावलेलं कुलूप उघडण्यात मुलांना भारी रस असतो. शिवाय मोबाइलचा हॉटस्पॉट उरतोच, आणि ताईला लाडीगोडी लावली की तो मिळतोही.

राहिले शेजारी. नवे राउटर सहसा पासवर्डसकटच येतात. उघडा सापडतो तो बहुधा आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून लावलेला जुना राउटर, आणि तो तसा राहिलाय हे घरात कुणाला ठाऊकही नसतं. मुलाला बरोबर घेऊन जा. 'काका, तुमचं वायफाय उघडं आहे, आमच्या लॅपटॉपला लागत होतं,' हे त्यालाच सांगू द्या. काकांची हरकत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन 'डब्ल्यूपीए-२' निवडणंही तोच करील. पासवर्ड टाइप करताना मात्र त्याला तोंड फिरवायला सांगा.

काका मोकळ्या मनाचे असतील तर म्हणतील, 'अहो, वापरू दे की पोराला, आमचं अनलिमिटेड आहे.' तेव्हा भिडेपोटी गप्प बसू नका. दहाचा नियम त्यांच्याही कानावर घाला.