‘मले तं निरी तुरट लागली!’

प्रश्न : जावयानं नाशिकहून लाल वाइनची बाटली आणली. लेबलवर ब्लॅककरंट, काळी मिरी, व्हॅनिला, धूर असं सारं लिहिलेलं. वरून ‘फुल-बॉडीड’. जावई म्हणे, येतो ना वास? मले तं निरी तुरट लागली. हे सारं त्यात टाकतेत काय? का माही जीभच खराब? (नाव छापू नये.) – एक वाचक, अकोला

उत्तर : जीभ ठणठणीत आहे. दाट लाल वाइनबद्दल सगळ्यात आधी सांगायची गोष्ट तुरटपणाच, आणि ती तुम्ही लेबलाच्या मदतीशिवाय ओळखली. मिरी-व्हॅनिला मात्र कोणी त्यात टाकत नाही.

आधी तुरटपणाचं बघू. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढुरकाच निघतो. रंग सालीत असतो. म्हणून लाल वाइनचा रस साली-बियांसकट आंबवतात. त्यातून रंग उतरतो आणि टॅनिनही उतरतं. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल-हिरड्या खरखरीत होतात. हिरडा चघळल्यावर किंवा अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावर हेच होतं. आपण खातो त्या थॉमसन सीडलेसची साल पातळ आणि बी नाहीच. कॅबर्ने सोव्हिन्याँ किंवा शिराझचे मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. खायला कटकट, वाइनला उत्तम.

‘फुल-बॉडीड’ म्हणजे तोंडात जाणवणारं वजन. तुरीच्या वरणाचं वरचं पाणी आणि तळाचं घट्ट वरण यांत जो फरक, तोच इथे. हे वजन टॅनिनमुळे येतं, रसात विरघळलेल्या इतर ऐवजामुळे येतं आणि बरंचसं अल्कोहोलमुळे. अशा वाइनमध्ये ते साधारण १३.५ ते १५ टक्के असतं. आपल्याकडच्या उन्हाचाही यात हात आहे. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरता सरता फळछाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च. युरोपात द्राक्ष पिकतं तेव्हा हवा गार होत जाते, इथे तापत जाते. ऊन चढलं की मण्यातली साखर भराभर वाढते, आंबटपणा उतरतो, आणि त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. साल नीट पिकेपर्यंत थांबावं तर आंबटपणा हातचा जातो. घाईनं तोडावं तर तुरटपणा हिरवा, कडवट लागतो. म्हणून भारी वाइन चाखताना मी आधी आंबटपणा शोधतो. घोटानंतर जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर वाइनमध्ये जीव आहे. नुसतीच घट्ट नि गरम लागली, तर किंमत कितीही असो, दुसरा पेला जड जातो.

आता वासांकडे. लेबलवरची ही यादी निव्वळ थाप नाही. शिराझला येणारा मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं, आणि काळ्या मिरीतही तेच द्रव्य सापडलं. गंमत म्हणजे पाचांतल्या साधारण एकाला त्याचा वास येतच नाही. तुम्ही त्यांतले असाल, तर जावयानं कितीही आग्रह केला तरी मिरी सापडायची नाही. कॅबर्नेत कधीकधी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, तोही त्या द्राक्षातलाच. व्हॅनिला, लवंग आणि धूर मात्र लाकडाचे. वाइन ज्यात ठेवतात ती ओकची पिंपं, बहुधा २२५ लिटरची, बनवताना आतून विस्तवावर शेकतात. त्या शेकलेल्या लाकडातून हे वास मुरतात.

पण फ्रान्समधल्या बोर्दोत एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन बिनवासाच्या रंगानं लाल करून दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला फसवलं. माझा स्वतःचा भरवसा म्हणूनच तोंडाला कळतं त्यावर जास्त: तुरट किती, आंबट किती, जड किती, घशात ऊब किती, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते. वासांची नावं त्यानंतर.

ती नावं लेबलवरचीच हवीत असं नाही. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८०च्या दशकात वाइनच्या वासांचं चक्र तयार केलं, तेव्हा ‘उमदी’, ‘डौलदार’ असले शब्द बाहेर ठेवले आणि प्रत्यक्ष हुंगता येतील अशा वस्तू आत घेतल्या. त्या वस्तू अर्थातच तिथल्या किराणा दुकानातल्या. ब्लॅककरंट आपल्याला भेटलं ते आइसक्रीममध्ये! तेव्हा तुम्ही पिकलेलं जांभूळ म्हणा, मेळघाटातलं करवंद म्हणा, चिखलदऱ्याची कॉफी म्हणा, तेंदूपानाची विडी म्हणा. जुन्या वाइनला कधी ओल्या मातीचा वास येतो, तो वऱ्हाडच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

एक शंका आहे: बाटली कोमट होती का? लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी, हा नियम थंड देशांतल्या घरांचा. तिला १६ ते १८ अंश मानवतात, आणि अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकात जातं आणि बाकीचे वास दबतात. उघडण्याआधी १६-१८ अंशांवर येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. त्याहून गार नको. फार गार झाली की तुरटपणा उलट जास्त बोचतो. दुकानाच्या तापलेल्या फळीवर महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली घेऊच नका. ती शिजवलेल्या मुरांब्यासारखी लागते आणि दोष विनाकारण द्राक्षाला जातो.

सोबत ठेचा-भाकर असेल तर तिखटाची आग अल्कोहोलनं भडकते आणि तुरटपणाही बोचतो. बेताच्या तिखटाचं मटण चालेल, कारण मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात. शेंगदाणे, पनीरही बरे. मटणाच्या घासानंतरचा घोट आणि नुसता घोट यांतला फरक तुम्हाला एका बैठकीत कळेल.

उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकते. जावई पुढे नागपूरला जाणार असेल, तर त्याच्याबरोबर मात्र धाडू नका. अमरावतीहून नागपूरला जाताना तळेगाव-कारंजाचा पट्टा वर्धा जिल्ह्यात लागतो, आणि तिथे दारूबंदी आहे.