नाताळचा फराळ व आपले शरीर

नाताळ जवळ आला म्हणजे घरोघर करंज्या, शंकरपाळ्या व चकल्या यांचे डबे भरू लागतात. सणाच्या एका दिवसाने शरीर बिघडत नाही. बिघडते ते नव्या वर्षापर्यंतच्या भेटीगाठींनी. उपदेशकाचेच उदाहरण घ्या. सकाळी चार घरी चहा झाला व प्रत्येक कपात दोन लहान चमचे साखर असली, तर सुमारे ३२ ग्रॅम साखर पोटात गेली, फराळ निराळाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले की, वरून घातलेली साखर दिवसास शक्यतो २५ ग्रॅमांच्या आत असावी. लूक १०:८ चा आधार घेणाऱ्या बंधूंनी त्याच्या आधीचे वचनही वाचावे. तेथे घरोघर फिरण्यास मनाई आहे!

सणात वाढलेले वजन बहुधा पुढे उतरत नाही. ते वर्षानुवर्षे साचते व मधुमेहास वाट करून देते.

परंतु पाहुण्यास "नको" म्हणणे जड जाते, म्हणून हा पाठ मुख्यत्वे यजमान भगिनींसाठी आहे. चहाची साखर वेगळी ठेवावी. बशी भरून देण्याऐवजी एक करंजी व पेरू अगर बोरे पुढे करावीत. मधुमेही माणसास आग्रह करू नये. दुपारची भाकरी, पालेभाजी व उसळ मात्र चुकवू नये. फराळासाठी पोट रिकामे ठेवणारा सायंकाळी दुप्पट खातो, आणि इन्सुलिन घेणारा उपाशी राहिला तर रक्तातील साखर एकाएकी उतरून त्यास भोवळ येते.